वाऱ्याचा देश : पॅटागोनिया

ऋतू हा शब्द कानी पडताच आम्हां पश्चिम किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांसमोर प्रथम पाऊस उभा राहतो. परंतु किंचित विचार केला तर ध्यानी येईल की, पाऊस हा पाहुणा आहे. त्याला घेऊन येणारा यजमान म्हणजे वारा. ज्येष्ठात नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून वाहू लागतात आणि आमच्या छपरांवर मेघ कोसळतात. आश्विनात हेच वारे माघारी फिरतात आणि आकाश निरभ्र होते. 'मोसमी' हे विशेषणही ज्या अरबी शब्दापासून आले त्याचा अर्थ ऋतू असाच आहे. वारा फिरला की आमचा ऋतू फिरतो, असे एका वाक्यात म्हणता येईल.

आता अशा एखाद्या प्रदेशाची कल्पना करावी की, जेथे वर्षाचे चारही ऋतू येतात व जातात, परंतु वाऱ्याची दिशा मात्र सहसा पालटत नाही. उन्हाळा असो वा हिवाळा, तो पश्चिमेकडूनच येतो आणि पूर्वेकडेच जातो. असा प्रदेश पृथ्वीच्या पाठीवर खरोखरच आहे. त्याचे नाव पॅटागोनिया. तेथील हवामानाची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, आणि ती करून देताना आपल्याच सह्याद्रीकडे नव्या दृष्टीने पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा पुढे घेतल्यास तो खंड दक्षिणेकडे निमुळता होत गेलेला दिसतो. सामान्यतः कोलोराडो नदीच्या दक्षिणेकडील भागास पॅटागोनिया म्हणतात. सुमारे ३८ ते ५५ दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान तो पसरला असून त्याचे क्षेत्रफळ दहा लक्ष चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. अँडीज पर्वताची रांग त्यास उभी छेदून जाते. तिच्या पश्चिमेचा चिंचोळा, फियॉर्डांनी कातरलेला किनारा चिली देशाचा. पूर्वेची विस्तीर्ण पठारे, पायऱ्यापायऱ्यांनी अटलांटिक महासागराकडे उतरत जाणारी, ती अर्जेंटिनाची. अगदी दक्षिणेस मॅगेलनची सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे तिएरा देल फ्वेगो हे बेट.

हा प्रदेश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील ऋतुचक्र उलटे आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट हा हिवाळा. आपल्याकडे जून महिन्यात पेरणीची लगबग असते, त्या वेळी तिएरा देल फ्वेगोवरील उश्वाया नगरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो; आणि डिसेंबरात तो सतरा तासांहून मोठा होतो. या उलट्या ऋतुचक्राचा अनुभव फर्डिनंड मॅगेलन यास पुरेपूर आला. हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०५ मध्ये आल्मेदाच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला होता व १५०९ च्या दीवच्या लढाईत तो होता. पुढे स्पेनच्या सेवेत असताना तो पृथ्वीप्रदक्षिणेच्या मार्गावर निघाला. १५२० च्या मार्चअखेर, म्हणजे युरोपात वसंत ऋतूचे स्वागत चालू असता, तो पॅटागोनियाच्या सान हुलियान उपसागरात शिरला. कारण पुढे हिवाळा उभा होता. ऑगस्टपर्यंत त्याचा तांडा तेथेच अडकून पडला. आज त्याचे नाव धारण करणारी सामुद्रधुनी त्याने ओलांडली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेथील वसंतात.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रदेशात वारा एवढा प्रबळ का?

पृथ्वीच्या मध्यभागी उष्णता फार, ध्रुवाकडे अत्यल्प. ही विषमता भरून काढण्यासाठी हवा सतत धडपडत असते. सुमारे ३० अक्षांशांपाशी हवेचा जास्त दाबाचा पट्टा आहे. तेथून हवा ध्रुवाकडे निघते. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दक्षिण गोलार्धात ही हवा आपल्या डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे, वळते. अशा रीतीने ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचा पट्टा निर्माण होतो. उत्तर गोलार्धातही असे वारे आहेत. परंतु तेथे आशिया, युरोप व अमेरिका यांची भूमी त्यांना जागोजागी अडविते. दक्षिणेत त्यांच्या मार्गात जवळजवळ सर्वत्र पाणीच आहे. ४८ दक्षिण अक्षांशाच्या खाली उतरले असता, अंटार्क्टिका सोडल्यास, काही लहान बेटांखेरीज एकच भूभाग त्यांच्या वाटेत उभा राहतो आणि तो म्हणजे पॅटागोनिया. हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून धावत आलेला वारा याच एका उंबरठ्याला अडखळतो. जुन्या दर्यावर्दींनी या अक्षांशांना 'गरजणारे चाळीस', 'खवळलेले पन्नास' आणि 'किंचाळणारे साठ' अशी नावे ठेविली, ती उगीच नव्हेत.

या वाऱ्याशी झुंज घेणे केवढे कठीण होते याची साक्ष इतिहास देतो. 'बाउंटी' हे इंग्रज जहाज ताहिती बेटाकडे जाण्यासाठी १७८८ मध्ये केप हॉर्नपाशी आले. सुमारे महिनाभर ते पश्चिमेकडे सरकू पाहत होते आणि वारा व लाटा त्यास मागे लोटीत होत्या. अखेरीस कप्तान ब्लाय याने जहाज उलट फिरविले आणि आफ्रिकेच्या टोकावरून, म्हणजे पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालून, तो आपल्या मुक्कामी पोहोचला. पनामाचा कालवा १९१४ मध्ये खुला होईपर्यंत असंख्य शिडाच्या जहाजांना हीच परीक्षा द्यावी लागत असे.

आता हा ओलावा घेऊन आलेला वारा अँडीज पर्वतास भिडतो तेव्हा काय होते ते पाहू. उंच चढणारी हवा थंड होते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी. म्हणून पाऊस व हिम यांच्या रूपाने ते बाष्प खाली येते. चिलीच्या बाजूस वर्षाकाठी ४,००० मिलिमीटर अथवा त्याहूनही अधिक पाऊस पडणारी ठिकाणे आहेत. पर्वत ओलांडून हवा पूर्वेस उतरू लागली की तिची बहुतेक शिदोरी संपलेली असते. शिवाय उतरताना ती तापते व अधिकच कोरडी होते. म्हणूनच पूर्वेकडील पठारावर अनेक ठिकाणी वर्षाला अवघा २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाव्हेल व्हापी नावाच्या एकाच सरोवराच्या पश्चिम टोकाला, ब्लेस्त बंदरापाशी, सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. आणि तेथून पन्नासएक किलोमीटरवर पूर्वेस, बारिलोचे नगराच्या पलीकडे, तो हजाराच्याही खाली येतो. पश्चिमेस शेवाळाने झाकलेले घनदाट अरण्य आणि पूर्वेस काटेरी झुडपांचे माळरान!

विद्यार्थिमित्रांना हे वर्णन ऐकून काही आठवले का? आषाढात गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावास गेलेल्या प्रत्येकाने हा चमत्कार पाहिला आहे. घाट चढताना गाडीच्या काचेपलीकडे काही दिसू नये असा पाऊस. आणि पठारावर उतरून पुढे पूर्वेकडे जावे तसतसा तो विरळ होत जातो. आंबोलीस वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव नगरात तो १,२०० च्या आसपास. आणि त्याच जिल्ह्यातील गोकाक-अथणीकडे तो ६०० च्या घरात किंवा त्याहूनही कमी. भूगोलात ज्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात तो हाच. सह्याद्री आणि अँडीज यांच्या उंचीत महदंतर आहे, दोहोंमध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. परंतु निसर्गाचा नियम एकच. भेद इतकाच की, आमचा वारा चार महिने देऊन परत फिरतो, तिकडचा बारा महिने एकाच दाराशी येतो आणि एकाच दाराला रिता ठेवितो.

तापमानाच्या बाबतीतही हा प्रदेश विचार करावयास लावणारा आहे. उश्वाया हे ५५ दक्षिण अक्षांशाजवळ आणि मॉस्को हे त्याच सुमारास उत्तरेत. मॉस्कोचा जुलै सरासरी १९ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि जानेवारी शून्याखाली सहा-सात अंश. म्हणजे पंचवीस अंशांची तफावत. उश्वायाचा सर्वांत उष्ण महिना सुमारे १० अंशांचा आणि सर्वांत थंड महिना सुमारे २ अंशांचा. तफावत अवघी आठ अंशांची. याचे कारण भोवतालचा समुद्र. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. त्यामुळे हिवाळ्यास कडकपणा नाही आणि उन्हाळ्यास ऊब नाही. समुद्रापासून दूर आत गेल्यावर मात्र थंडी आपले खरे रूप दाखविते. चुबुत प्रांतातील सारमिएंतो येथे १ जून १९०७ रोजी उणे ३२.८ अंश इतके तापमान नोंदले गेले. दक्षिण अमेरिकेतील नीचांक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

परंतु तापमापकावरील आकडा तेथे सर्व हकीकत सांगत नाही. आपल्या त्वचेभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर क्षणोक्षणी उडवून नेतो; म्हणून पाच अंशांची शांत हवा सुसह्य वाटते आणि पाच अंशांचा सोसाट्याचा वारा हाडांपर्यंत पोहोचतो.

आता ऋतूंचा क्रम पाहू. एखाद्यास वाटेल की वादळी वारे हिवाळ्यातच वाहत असतील. वस्तुतः दक्षिण पॅटागोनियात उलट आहे. वसंत व उन्हाळा, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हाच वाऱ्याचा भर. या काळात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकून तेथे बळावतो. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नवलाचे मानले जात नाहीत. पुंता अरेनास या नगरात अशा दिवशी पादचाऱ्यांना धरावयास रस्त्याकडेला दोर बांधतात. फियॉर्डांच्या कडेने डोंगरावरून अकस्मात खाली कोसळणाऱ्या झोतांना खलाशी 'विलिवॉ' म्हणतात. शांत पाण्यावरील होडी ते पाहता पाहता उलथवितात. एकाच दिवशी ऊन, पाऊस, गारा आणि हिम हे चौघेही हजेरी लावून जातात.

मार्च-एप्रिलात शरद येतो. वारा किंचित ओसरतो आणि पर्वताच्या उतारांवरील 'लेंगा' वृक्षांची अरण्ये तांबडी-केशरी होतात. हिवाळ्यात वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकून मध्य चिलीस पाऊस देतो. दक्षिणेत त्या मानाने वारा सौम्य होतो, दिवस आखडतात आणि पठारे गोठतात. पठाराच्या पुष्कळशा भागात जो थोडा पाऊस वा हिम पडायचे ते मुख्यतः याच थंड महिन्यांत पडते. त्या वेळी वनस्पती निजलेल्या असतात. पाणी सावकाश खोल मातीत मुरते आणि वसंतात लांब मुळांच्या झुडपांना ते उपयोगी पडते. निसर्गाने कंजूषपणाने दिले, पण वेळ साधून दिले, असे म्हणावेसे वाटते.

या वाऱ्याने सजीवांनाही आपल्या साच्यात घडविले आहे. उघड्यावरील लेंगा वृक्ष पूर्वेकडे झुकून, एकाच बाजूस फांद्या फेकून वाढतात. तेथील लोक त्यांना 'ध्वजवृक्ष' म्हणतात. वारा नसलेल्या दिवशीही त्यांच्याकडे पाहून पूर्व दिशा ओळखावी. माळावर 'कोइरोन' नावाच्या राठ गवताचे झुबके आणि जमिनीस चिकटून उशीसारखी गोल वाढणारी काटेरी झुडपे दिसतात. वाऱ्यापुढे मान वर न करणे हेच त्यांचे शहाणपण. उंटाच्या कुळातील ग्वानाको हा प्राणी या चाऱ्यावर जगतो, आणि त्याचे पाय मऊ तळव्यांचे असल्यामुळे माती फारशी उखडत नाही.

मनुष्यही हाच धडा शिकला. मूळचे रहिवासी तेवेल्चे लोक ग्वानाकोच्या कातड्यांचे तंबू उभारीत आणि त्यांचे तोंड पूर्वेकडे ठेवीत, म्हणजे वाऱ्याकडे पाठ. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी आपल्या घरांभोवती पॉप्लर वृक्षांच्या दाट रांगा लाविल्या. मैलोगणती उजाड माळावर अशी हिरवी भिंत दिसली की तेथे वस्ती आहे असे समजावे. वेल्स देशातून सुमारे दीडशे माणसे 'मिमोसा' नावाच्या जहाजातून २८ जुलै १८६५ रोजी या किनाऱ्यावर उतरली. ती उतरली ऐन हिवाळ्यात आणि ज्या भूमीवर उतरली ती पर्जन्यछायेची. चुबुत नदीच्या खोऱ्यात त्यांचे पहिले पीक पाण्यावाचून करपले. तथापि १८६७ मध्ये नदीचे पाणी पाटांनी शेतात आणण्याची युक्ती त्यांना साधली, आणि वसाहत तगली. आकाश जे पाणी पश्चिमेस ओतते, त्यातील थोडे हिमाच्या रूपाने शिखरांवर साठते आणि नदी ते पूर्वेस आणून देते. वाऱ्याने नाकारलेले दान नदीने पोहोचविले आणि मनुष्याने ते हात पुढे करून घेतले.

परंतु याच भूमीवर मनुष्याने एक मोठा प्रमादही केला, आणि तो सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही. १८७० च्या दशकात दक्षिण पॅटागोनियात मेंढ्या आणल्या गेल्या. लोकरीला भाव होता, माळ अफाट होता. विसाव्या शतकाच्या मध्यास अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात मेंढ्यांची संख्या दोन कोटींच्या आसपास पोहोचली. मेंढी गवत बुडाशी खाते आणि तिचे कठीण खूर माती मोकळी करतात. जेथे वारा मंद असतो तेथे अशी जमीन काही वर्षे सोडून दिल्यास पुन्हा सावरते. पॅटागोनियात मात्र गवताचे पांघरूण फाटले की वारा त्याच भोकातून हात घालतो, वरची कसदार माती उचलून अटलांटिककडे नेतो आणि मागे खडे ठेवितो. अनेक कुरणे ओसाड झाली आणि अनेक मालकांनी आपले वाडे सोडले. त्यातच ऑगस्ट १९९१ मध्ये चिलीतील हडसन ज्वालामुखीचा स्फोट झाला; पश्चिमी वाऱ्याने त्याची राख सांताक्रूझ प्रांतावर पसरविली, आणि स्फोट थांबल्यावरही तीच राख पुनःपुन्हा उडवून मेंढ्यांच्या कळपांचा नाश केला. शतकाच्या अखेरीस मेंढ्यांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच घटली होती. गवत वाढण्यास जेथे ऋतूच पुरा पडत नाही तेथे हिशेब वाऱ्याला विचारूनच मांडावयास हवा होता.

आज या वाऱ्याची वाट स्वतःच बदलू लागली आहे, असे शास्त्रज्ञांच्या निरीक्षणांत आढळले आहे. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरास भोक पडल्याचे १९८५ मध्ये जगास कळले. ओझोन घटल्याने ध्रुवावरील उंच हवा अधिक थंड झाली, उष्ण व थंड प्रदेशांतील तफावत वाढली, आणि उन्हाळ्यात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे ओढला गेला. १९८७ च्या माँट्रिअल करारामुळे ओझोनचा थर आता हळूहळू भरून येत आहे. परंतु वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वाढत असल्याने पट्ट्यास दक्षिणेकडे रेटणारे दुसरे कारण कायम आहे. त्यामुळे उत्तर पॅटागोनियाचे उन्हाळे अधिक कोरडे होत असून तेथील अरण्यांना वणव्याचे भय वाढले आहे. पेरितो मोरेनो ही सुप्रसिद्ध हिमनदी, जी तिच्या सख्या-शेजारणी मागे हटत असताना विसाव्या शतकभर बव्हंशी आपल्या जागी टिकून होती, तीही २०२० च्या सुमारापासून माघार घेऊ लागली आहे.

याच वाऱ्यापासून मनुष्य आता विद्युत्शक्तीही मिळवू लागला आहे. चुबुत प्रांतात रॉसन व पुएर्तो माद्रिन यांच्या परिसरात पवनचक्क्यांची मोठी क्षेत्रे उभी आहेत, आणि पुंता अरेनासजवळ २०२२ मध्ये वाऱ्याच्या विजेपासून कृत्रिम इंधन तयार करण्याचा प्रयोग सुरू झाला. ज्यास शतकानुशतके शत्रू मानले त्याच्याशी भागीदारी करण्याचा हा प्रयत्न स्तुत्यच होय.

पॅटागोनियाचे हे वर्णन वाचून कोणी म्हणेल, तो दूरचा देश, त्याच्याशी आमचे काय नाते? आमच्या मते नाते निकटचे आहे. वारा, पर्वत आणि गवत या तिघांचा हिशेब तेथे इतक्या उघडपणे मांडलेला आहे की, तो वाचून आपलाही हिशेब तपासता यावा. आमच्या सड्यांवरची माती वाऱ्याऐवजी मृगाच्या धारा वाहून नेतात, एवढाच फरक. सह्याद्रीच्या उतारावरचे रान तुटले तर पाऊस पडेल तेवढाच पडेल, पण माती धरून ठेवणारे आणि पाणी मुरविणारे तेथे कोणी उरणार नाही. गेलेली माती परत आणणारा वारा कोणत्याही खंडात वाहत नाही.

विद्यार्थिमित्रांस आमची एक सूचना आहे. शाळेच्या पटांगणात उंच काठीला कापडाची एक लहानशी पट्टी बांधावी. रोज सकाळी व सायंकाळी वारा कोणत्या दिशेने येतो ते वहीत टिपावे, आणि शेजारी आकाशाची स्थिती लिहावी. सकाळचे मतलई वारे आणि दुपारनंतरचे खारे वारे प्रथम ध्यानी येतील. वैशाखाच्या अखेरीस नैर्ऋत्येचे पहिले झोत कोणत्या दिवशी आले तेही कळेल. असे एक संपूर्ण वर्ष टिपले तर ऋतू म्हणजे काय हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ती वहीच अधिक चांगले शिकवील. आणि पुढील वर्षीच्या अंकात आम्हांस तिच्यातील नोंदी आनंदाने छापता येतील.